बोईसरचा सायकल दिन

त्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा आमच्या इमारतीच्या फाटकाशी दातार काका गाडी सुरू करून उभे होते. दातार काका प्रकृतीसाठी रोज चालतात. चालायचं मैदान पुढच्याच वळणावर आहे. तिथपर्यंत ते गाडीने जातात, मैदानाला फेऱ्या मारतात, आणि चालून दमल्यामुळे परत गाडीनेच येतात. मला पिशवी आणि छत्री घेऊन पायी निघालेलं पाहून त्यांनी काच खाली केली.

“वहिनी, बसा. स्टँडवर सोडतो.”

“आज गाडीत बसायचं नाही. नातवंडांना शब्द दिलाय.”

“नातवंडं कुठे असतात?”

“हॉलंडला.”

“मग त्यांना कोण सांगतंय?” काका म्हणाले आणि थोडे दुखावून निघून गेले. त्यांच्या गाडीचा धूर मात्र माझ्या सोबतीला मागे राहिला.

तर अन्वी आणि ईशान, तुम्हाला मीच सांगते आहे. तुमच्या शाळेने स्वच्छ हवेचा आठवडा पाळला. प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांना एक दिवस खासगी गाडीशिवाय प्रवास करायला लावायचा आणि त्याची हकिकत वर्गात सांगायची, असं तुमच्या बाईंनी ठरवलं. मी लगेच हो म्हटलं, कारण मला त्याच आठवड्यात बोईसरला जायचं होतं. तिथल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत माझा जुना विद्यार्थी नितीन एका कारखान्यात मॅनेजर आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण नितीन अजून तिथेच नोकरीला आहे. त्या कारखान्याने सायकल दिन साजरा करायचं ठरवलं होतं आणि प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावलं होतं.

“बाई, गाडी पाठवतो,” नितीन फोनवर म्हणाला.

“सायकल दिनाला गाडी?”

“सायकल पाठवली असती बाई, पण तुमचं वय…” पुढचं वाक्य त्याने सोडून दिलं. शाळेतही तो निबंधात अर्धीच वाक्यं लिहायचा.

बस वेळेवर सुटली. पालघर मागे पडलं की थोडा वेळ डोळ्यांना बरं वाटतं. भात कापून रिकामी झालेली खाचरं, कुठे वालाचा हिरवा पट्टा, गवताच्या मोठाल्या गंज्या, आणि मध्येच कोणी विसरून गेल्यासारखं उभं असलेलं एकटं ताडाचं झाड. मग रस्त्याचं काम लागतं. ते काम मी गेली कित्येक वर्षं पाहते आहे, आणि आता ते नसलं तर मला चुकल्यासारखं होईल. मी खिडकीशी बसले होते. निघताना माझी साडी पांढरी होती, उतरताना ती बदामी झाली होती. रंग वाईट नव्हता.

शेजारी सातपाटीची एक कोळीण बसली होती. तिची पाटी (माशांची टोपली) आमच्या दोघींच्या पायाशी होती. मागच्या बाकावरच्या एका तरुणाने नाकाला रुमाल लावला आणि कंडक्टरला हाक मारली.

“अहो, या मासळीला टेम्पोने पाठवा ना. बसमध्ये वास येतो.”

कोळिणीने मागे वळूनही पाहिलं नाही. “टेम्पो केला तर त्याचा धूर खाशील तू. त्यापेक्षा पापलेटचा वास बरा. फुकटचा हाय, घे.”

कंडक्टर हसला. “मावशी, पाटी जरा आत सरकव.”

“आत बाईंचे पाय हायेत. बाईंना सरकव.”

मी सरकले. बोईसरला उतरताना तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “बाई, साडीला मासळीचं पाणी लागलंय थोडं. वाळंल.” वाळलं खरं, पण कार्यक्रमभर मांजरं माझ्याकडे आदराने पाहत होती.

बोईसर स्टेशनबाहेरून मी टमटम घेतली (ही तीनचाकी, हिच्यात आठ माणसं बसतात असं चालक म्हणतो आणि चार बसतात असं गाडी म्हणते). औद्योगिक वसाहत डोळे मिटूनही ओळखता येते. एका वळणावर लसणासारखा वास येतो, दुसऱ्यावर नासक्या अंड्यांचा, आणि तिसऱ्यावर छान गोड. मला त्या गोड वासाचीच जास्त भीती वाटते. टमटमवाल्याला विचारलं, हा कसला वास. तो म्हणाला, “कौन सा वास, माताजी?” तो इथे बरीच वर्षं आहे.

कारखान्याच्या फाटकावर हिरवी कमान होती. कमानीखाली एक बाई सायकल धरून उभी होती आणि रखवालदाराशी भांडत होती. चाळिशीतली, सडपातळ, गुडघ्याला टेकलेली जुनी काळी सायकल, हँडलला एक भरलेली पिशवी.

“आवो दादा, रोजचीच सायकल हाय माझी. स्टँडला लावते आन् जाते कामाला.”

“आज साइकिल अंदर नहीं जाएगी, बहनजी.”

“का पण?”

“आज साइकिल डे है.”

“सायकल डे हाय म्हणून तर सायकल न्यायची ना आत!”

रखवालदाराने काठीने पलीकडे दाखवलं. एका ट्रकमधून नव्याकोऱ्या सायकली उतरवल्या जात होत्या. सीटवर प्लास्टिक तसंच होतं. “डे इसका है,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता. त्याला जे सांगितलं होतं ते तो सांगत होता. स्टँड नव्या सायकलींसाठी राखून ठेवला होता. कामगारांच्या जुन्या सायकली फोटोत बऱ्या दिसणार नाहीत, म्हणून त्या एका टेम्पोत भरून मागच्या प्लॉटवरच्या गोदामात ठेवायच्या होत्या. टेम्पो चालूच होता आणि काळा धूर सोडत होता. सायकली वाहून न्यायला तो तीनदा जाऊन आला होता.

त्या बाईचं नाव सविता. पॅकिंगमध्ये काम करते, तारापूरच्या वाटेवरच्या कुरगावहून रोज सायकलने येते. हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच की तिचे डोळे भरून आले होते. मी जवळ गेले.

“तुमी कोण, बाई?” तिने विचारलं.

“आजची पाहुणी.”

“मग तुमचं ऐकतील. माझी एवढी सायकल बाहेर ठेवू द्या म्हणावं. मला तीनला सुटायचं हाय. घरी चारला पाहुणे येनार हायेत, पोरीची सुपारी फोडायला.” (सुपारी फोडणं म्हणजे लग्न पक्कं करण्याचा विधी.)

“मग आज रजा का नाही घेतली?”

“मागितली. म्हणाले, सायकल डे हाय, हजेरी लागते सगळ्यांची. मांडव भरला पायजे.”

मग तिने सगळं सांगितलं. मुलगा शिरगावचा, चांगला. मुलीला आवडला आहे, मुलगी त्याला. पण मुलाची आत्या कडक. मागच्या खेपेला पाहुणे अचानक आले तेव्हा सविता कामावर होती, आणि आत्याबाई उंबऱ्यावरून परत फिरल्या. ज्या घरात आई नसते त्या घरातली मुलगी करायची नाही, असं म्हणाल्या. मध्यस्थाने हातापाया पडून त्यांना पुन्हा तयार केलं होतं. पायावर पाणी घालायला मुलीची आई दारात तांब्या घेऊन उभी दिसली तरच गाडीतून उतरीन, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

“घरी मुलीचे वडील आहेत ना?”

“हायेत. ते बोलायला लागले की जमलेलं पण मोडंल.”

तोवर तिची सायकल टेम्पोत चढली होती, पेढ्यांची पिशवी तेवढी तिने काढून घेतली. मी नितीनला गाठलं. त्याने माझ्या गळ्यात हिरवा पट्टा घातला, त्यावर ‘हरित दूत’ असं लिहिलं होतं. सविताचं सांगितल्यावर तो म्हणाला, “काळजीच सोडा बाई. तीनला माझा एक फोन, की सायकल दारात.” विद्यार्थी आहे, म्हणून विश्वास ठेवला. परीक्षेतही तो असाच आत्मविश्वासाने उत्तरं लिहायचा हे तेव्हा आठवायला हवं होतं.

कार्यक्रम अकराला होता. अध्यक्ष मुंबईहून गाडीने निघाले होते आणि महामार्गावर अडकले होते. त्यांची वाट पाहण्यात जेवणाची वेळ झाली. जेवण डब्यात आलं, डबा प्लास्टिकचा, चमचा प्लास्टिकचा, आणि डब्यावर झाडाचं चित्र. पुलाव बरा होता. मांडवात मोठे पंखे लावले होते आणि पंख्यांसाठी मागे जनरेटर धडधडत होता. अध्यक्ष आले तेव्हा त्यांच्यामागे चार गाड्या होत्या. ते शुद्ध हवेवर पुष्कळ बोलले, पण जनरेटर त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलत असल्यामुळे मला फक्त ‘पुढच्या पिढीसाठी’ एवढंच ऐकू आलं. म्हणजे तुमच्यासाठी, मुलांनो.

मग शपथ झाली. सगळ्या कामगारांनी उजवा हात पुढे करून म्हटलं की आजपासून मी आठवड्यातून एक दिवस सायकलने कामावर येईन. माझ्यासमोर बसलेले निम्म्याहून अधिक लोक सहाही दिवस सायकलनेच येत होते. त्यांनी ती शपथ मनापासून पाळली असती तर बोईसरची हवा आहे त्याहून वाईट झाली असती. समोरच्या एका रांगेत सविता हात लांब करून शपथ घेत होती आणि डोळ्यांनी कारखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ पाहत होती.

मी चार वाक्यं बोलले. बसचं कौतुक केलं, टमटमचं केलं, आणि रोज सायकलने येणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला सांगितलं. टाळ्या वाजल्या. नव्या सायकलींवर बसायला आलेल्या साहेबांना वाटलं त्या आपल्यासाठी आहेत, ते उठून वाकले. आठवण म्हणून मला जांभळाचं एक रोप दिलं, काळ्या पिशवीतलं, गुडघाभर उंचीचं. मग मी हिरवा झेंडा दाखवला आणि साहेबांची सायकल रॅली तारापूर रस्त्याला निघाली. पुढे कर्णा लावलेली जीप, मागे पाण्याची गाडी, त्यामागे रुग्णवाहिका, त्यामागे थकलेल्यांना आणायला रिकाम्या मोटारी, आणि सायकली परत आणायला तो ट्रक.

तीन वाजले. सविता मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. नितीनने फोन केला. त्याचा चेहरा बदलला.

“बाई, गोदामाची किल्ली परुळेकरांकडे आहे. स्टोअरचे.”

“मग बोलवा त्यांना.”

“ते रॅलीत आहेत.”

बस आणि टमटम यांना रॅलीसाठी दुपारपुरता रस्ता बंद केला होता. मोटारींना बंद नव्हता, कारण मोटारींत कार्यक्रमाचे पाहुणे होते. चालत गेलं तर सविता पोहोचेपर्यंत पाहुणे शिरगावला परत पोहोचले असते. नितीनने आपली गाडी पुढे केली. “रॅली गाठू, किल्ली घेऊ, दहा मिनिटांचं काम.”

मुलांनो, मी दिलेला शब्द मला आठवत होता. सविताकडे पाहिलं आणि गाडीत बसले. पण कबुली पूर्ण देते: गाडी फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली आणि तिथेच थांबली, ती शेवटपर्यंत हललीच नाही. पुढे रॅलीमागच्या रिकाम्या मोटारी, त्यांच्यामागे ज्यांचा रॅलीशी काही संबंध नाही अशा मोटारी, आणि सगळ्यांची इंजिनं चालू. न हललेल्या गाडीत बसण्याला प्रवास म्हणायचा का, हे तुमच्या बाईंना विचारा.

“बाई, उतरू या का?” सविता म्हणाली.

आम्ही उतरलो. ती पुढे, मी मागे, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात जांभळाचं रोप. रोप गाडीत ठेवायचं मला सुचलंच नाही. मोटारींच्या मधून वाट काढत निघालो. गाड्यांच्या धुराने डोळे चुरचुरत होते. सविता एकाएकी थबकली आणि तिने पॅकिंगचा मास्क नाकावर ओढून पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत घेतला.

“काय झालं?”

“ती पांढरी गाडी. चालवतोय तो नवरामुलगा. मागं आत्या.” ती कुजबुजली. “पाहुणे हितंच हायेत, बाई.”

“मग चांगलंच झालं. तेही अडकलेत.”

“आन् मी पण हितंच हाय! बघितलं तर काय सांगू? पायावर पाणी हितंच घालू का?”

मान खाली घालून ती त्या गाडीच्या अगदी दाराजवळून गेली. आत्याबाईंनी काचेतून पाहिलं, आरशाला साडी लागू नये म्हणून काहीतरी ओरडल्या. मुलाने फक्त मान वळवली.

पास्थळच्या वळणाशी रॅली सापडली. ती एका शहाळेवाल्याच्या गाडीशी संपली होती. साहेब लोक शहाळी पीत होते आणि ट्रक रस्त्यावर आडवा लावून सायकली चढवणं चाललं होतं. परुळेकर एका दगडावर बसून पोटऱ्या चोळत होते. गोल चेहरा, गुलाबी टी-शर्ट, अर्धी चड्डी.

“किल्ली?” मी म्हटलं.

त्यांनी खिसे चाचपले. चड्डीला खिसाच नव्हता. “पँटमध्ये राहिली वाटतं.”

“पँट कुठे आहे?”

“गाडीत.”

“आणि गाडी?”

“कारखान्यात, मॅडम.”

सविता रस्त्याकडे पाहत होती, कुरगावच्या दिशेला. ट्रकच्या पलीकडे तो रस्ता पूर्ण मोकळा होता. रॅलीने मागची सगळी वाहतूक अडवून धरल्यामुळे पुढे चिटपाखरू नव्हतं.

परुळेकरांची नवी सायकल शेजारी आडवी पडली होती. मी गळ्यातला हिरवा पट्टा सरळ केला.

“परुळेकर, तुमची ही सायकल सविताला द्या.”

“ही?” त्यांचा चेहरा उजळला. “नेऊ दे ना! मी कॉलेजनंतर आज बसलो हिच्यावर. परत बसायची वेळ येऊ नये म्हणून देवाचं नाव घेत होतो.”

सविताने सायकल उचलली. पुढून मागून पाहिली. “हिला कॅरियर नाय. पेढे कुठं ठेवू?” पिशवी तिने हँडलला अडकवली, सीटवरचं प्लास्टिक ओरबाडून काढलं, पदर कमरेला खोचला, आणि ट्रकच्या चाकाजवळच्या चिंचोळ्या फटीतून निघाली. सीट तिला उंच होती, त्यामुळे पहिल्या काही हातांवर सायकल जरा लडबडली. मग ती सरळ झाली आणि जी गेली ती गेलीच. तोपर्यंत नितीन धापा टाकत येऊन पोहोचला.

“बाई! ती कंपनीची नवी सायकल आहे!”

“तिची जुनी तुमच्याकडे तारण आहे. उद्या सकाळी ती हीच घेऊन कामाला येईल, तेव्हा अदलाबदल करा.”

“पण नियमाप्रमाणे…” हेही वाक्य त्याने अर्धंच सोडलं.

मी बोईसरकडे परत चालू लागले. ट्रक अजून आडवाच होता, तरी आता शेवटच्या सायकली चढत होत्या. म्हणजे रस्ता लवकरच मोकळा होणार, आणि मोटार सायकलपेक्षा जोरात धावते हे मलाही माहीत होतं. सविता घरी पोहोचणार, कपडे बदलणार, तांब्या भरणार, एवढा वेळ कुठून आणायचा, याचा विचार करत मी त्या पांढऱ्या गाडीजवळ पोहोचले. मागची काच खाली झाली.

“ओ बाई, रोप कसं दिलं?”

मी इकडेतिकडे पाहिलं. मग कळलं की आत्याबाई माझ्याशीच बोलत होत्या. थांबलेल्या मोटारींच्या रांगेत हातात रोप घेऊन फिरणारी म्हातारी. बदामी साडी. त्यांची चूक नव्हती.

“विकायचं नाही हो,” मी म्हटलं, आणि वेळ काढायची संधी दिसली म्हणून पुढे म्हणाले, “पण जांभूळ आहे. जातीचं.”

“पाणी किती लागतं?”

मी सांगितलं. खत सांगितलं, ऊन सांगितलं, जे मला माहीत नव्हतं तेही सांगितलं. आत्याबाई जाडजूड, कपाळावर ठसठशीत कुंकू, नऊवारी नेसलेल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकदम विचारलं, “मघाशी ती तोंडाला फडकं बांधून गेली ती बाई तुमच्यासंगं होती ना? कोन ती?”

“कारखान्यात असते. घरी पाहुणे यायचेत, म्हणून घाईत होती.”

“बगा! पाहुणे येनार आन् बाई रस्त्यावर. आमची व्हनारी विहीण पन असलीच हाय. मागच्या खेपेला घरातच नाय. मी म्हटलं, आज पन दारात दिसली नाय तर पाय खाली ठेवनार नाय मी. आमाला काय मुली कमी हायेत?”

“आत्या,” पुढून मुलगा म्हणाला, “हळू बोल.”

“का हळू? ही बाई काय आपल्या नात्यातली हाय?”

मी आरशात पाहिलं. मुलगा माझ्याकडेच पाहत होता. सावळा, डोळे मोठे, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, समोरच्या मोकळ्या होऊ लागलेल्या रस्त्याकडे पाहिलं, आणि हात खाली नेऊन इंजिन बंद केलं.

तेवढ्यात ट्रक सरकला. पुढच्या मोटारी हलल्या. मागून भोंगे सुरू झाले.

“चल ना रे!” आत्याबाई म्हणाल्या.

“किल्ली पडली, आत्या. सीटखाली गेली वाटतं.”

“आता कशी पडली?”

“हात लागला.”

तो वाकला आणि सीटखाली चाचपू लागला. मी खिडकीशी उभी होते, मला त्याचा डावा हात दिसत होता. मूठ गच्च मिटलेली होती आणि मुठीतून किल्लीची साखळी लोंबत होती.

“नीट बघा हं,” मी म्हटलं. “पायाशी सतरंजी असते, तिच्याखाली जाते कधीकधी.”

“सतरंजीखालीच बघतोय, आजी,” तो म्हणाला.

मागचे लोक शिव्या देत बाजूने निघून गेले. आत्याबाईंनी त्याच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार केला, त्यात त्यांची स्वतःचीही पिढी आली. मी त्यांना ते रोप देऊन टाकलं. फुकट मिळाल्यावर त्या जरा निवळल्या आणि घराच्या कोणत्या बाजूला लावावं ते मला विचारू लागल्या. आम्ही चारही दिशांची चर्चा केली. त्या संपूर्ण रस्त्यावर इंजिन बंद असलेली ती एकच गाडी होती, आणि तिच्याभोवती श्वास घ्यायला बरं वाटत होतं. शेवटी दिशा संपल्या, मुलाला किल्ली सापडली, आणि ते गेले. त्याने गाडी अगदी सावकाश नेली. मागून पाहणाऱ्याला वाटलं असतं, नवशिका आहे.

बस सुरू व्हायला संध्याकाळ झाली. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही, मी दांडीला धरून उभी होते. मग एका कामगाराने उठून जागा दिली. खिडकीतून गंज्यांवर पडलेलं लालसर ऊन दिसत होतं, आणि त्या लालीत धूळ किती होती हे मी मोजायच्या भानगडीत पडले नाही. तुमच्या वर्गात काय सांगायचं, याचा विचार करत होते. स्वच्छ हवेसाठी इथे पुष्कळ काही करतात. कमान उभारतात, शपथ घेतात, झेंडा दाखवतात. आणि जे लोक रोज मुकाट्याने सायकल मारतात, एका पाटीसोबत एकाच बाकावर बसतात, त्यांना त्या दिवसापुरतं जरा बाजूला उभं करतात, कारण त्यांची गर्दी होते. मी स्वतः त्या कमानीखालून गळ्यात पट्टा घालून आत गेले, हेही वर्गात सांगा.

घरी येऊन साडी भिजत घातली तेवढ्यात फोन वाजला. नितीनकडून नंबर घेऊन सविताने केला होता. मागे भांड्यांचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज.

“बाई, फुटली सुपारी!”

“पाहुणे कधी आले?”

“लई उशिरा! मी आंघोळ केली, साडी नेसले, तांब्या घेऊन उभी राहिले, तर पाय भरून आले तरी पत्ता नाय. आमचे मालक म्हणाले, येत नायत आता. मग आले.”

“आणि आत्याबाई?”

सविता हसायला लागली. तिला बोलताच येईना. “आत्या उतरल्या. पायावर पाणी घेतलं. घरभर फिरल्या. म्हणाल्या, बघा, आई घरातच असली की घर कसं वेगळं दिसतं.”

“सायकल कुठे होती?”

“मागच्या दारी. गोधडी टाकली होती वर.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “बाई, निघताना जावई पाणी प्यायचं सांगून मागच्या दारी गेले. मला वाटलं हात धुतायत. पाहुणे गेल्यावर बघते तर गोधडी नीट घडी करून ठेवलेली, आन् सायकलची सीट खाली केलेली, बराबर माझ्या उंचीला.”